मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकेल असा पॉवर एलईडीचा दिवा कसा जोडावा

एक-एक वॅटचे ९ पॉवर एलईडी वापरून एक दिवा कसा जोडायचा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. आखाड्यावरचा (शेतवस्तीवरचा) गोठा, मोंढ्यातला (बाजारातला) गाळा, पत्र्याच्या छताची वेल्डिंगची शेड किंवा घराची ओसरी, यांपैकी कोठेही हा दिवा चालेल. मल्टिमीटर वाचता येणे आणि सोल्डरिंगचा थोडाफार सराव असणे एवढी तयारी पुरेशी आहे. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे काम एका सुट्टीच्या दिवसात जमावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे दिवा विकत घेताना पहिला प्रश्न असतो तो ‘किती वॅटचा?’ आणि दुसरा ‘केवढ्याला?’ परभणी, नांदेड, जालन्यासारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत सहज जातो, तेथे या दोन्ही प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा आहे की दिव्याच्या पाठीशी अॅल्युमिनियम किती आहे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणारा भाग, कसा आहे. एलईडीची चिप सहसा आपणहून खराब होत नाही. तिला उष्णता आणि बेलगाम करंट मारतात. म्हणून पैसे कमी असतील तर वॅट कमी करावेत, पण हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा धातू) आणि ड्रायव्हर यांत काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

उष्णता जाते कोठे

पांढऱ्या पॉवर एलईडीकडे बारकाईने पाहिले की मधोमध पिवळा ठिपका दिसतो. त्या पिवळ्या थराखाली असलेली चिप प्रत्यक्षात निळा प्रकाश देते. त्यातला काही भाग पिवळा थर शोषून घेतो आणि पिवळसर प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. हा निळा एलईडी पुरेसा तेजस्वी करणे हेच अनेक वर्षे अडलेले काम होते. ते करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढी प्रगती होऊनही बाजारात मिळणाऱ्या साधारण एलईडीत दिलेल्या विजेपैकी सुमारे एक तृतीयांश वीजच प्रकाशात रूपांतरित होते आणि उरलेल्या विजेची उष्णता होते. जुन्या पिवळ्या बल्बचीही उष्णताच जास्त होती, परंतु ती किरणांच्या रूपाने समोर फेकली जात असे. बल्ब हाताला पोळत असला तरी तारेला त्याचे काही वाटत नसे, कारण ती तापून लाल-पांढरी होण्यासाठीच बनवलेली होती. एलईडीची उष्णता मात्र समोरून बाहेर पडत नाही. ती चिपच्या पाठीतून, धातूला धातू भिडवूनच काढून घ्यावी लागते. ती निघाली नाही तर चिप तापते, प्रकाश हळूहळू मंदावतो, पिवळा थर करपतो आणि शेवटी त्या ठिपक्यावर काळा डाग पडतो. बंद पडलेला स्वस्त बल्ब उघडून पाहावा. त्यातल्या एका चिपवर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका बहुतेक वेळा सापडतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. सूर्य मावळला की पत्रा लवकर निवतो, पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. त्यामुळे स्लॅबला घट्ट चिकटवलेला दिवा संध्याकाळी लावला तरी भट्टीच्या भिंतीला टेकल्यासारखाच असतो. पत्र्याच्या शेडमध्ये हे उलट होते: तेथे दुपारी दिवे लावावे लागले तर छताजवळची हवा बाहेरच्या तापमानापेक्षाही गरम असते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच आहे. दिवा छतापासून किमान एक वीत खाली, मोकळ्या हवेत टांगावा.

सामान घेताना

एलईडी घेताना सुटा, पायांचा मणी न घेता चांदणीच्या आकाराच्या अॅल्युमिनियमच्या पाटीवर बसवलेला घ्यावा. या पाटीचा व्यास साधारण २० मिलिमीटर असतो आणि तिच्यावर अधिक-उणे चिन्हे छापलेली असतात. सुट्या मण्याच्या खालचा धातूचा भाग अनेक प्रकारांत विजेच्या एका टोकाशी आतून जोडलेला असतो, त्यामुळे तो सरळ पत्र्यावर चिकटवला तर शॉर्ट होण्याची भीती राहते. पाटीवरच्या एलईडीत मध्ये विद्युतरोधक थर असल्याने हा धोका टळतो.

रंग निवडताना घाई करू नये. डब्यावर ६५०० के. (केल्व्हिन, प्रकाशाच्या छटेचे माप) लिहिलेला दिवा निळसर पांढरा, ४००० के. लिहिलेला साधा पांढरा आणि ३००० के. किंवा त्याहून कमी असलेला पिवळसर दिसतो. कापड दुकानात रंग खरे दिसायला हवेत, म्हणून तेथे रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ८० पेक्षा जास्त असलेला एलईडी मागावा. गोठ्यासाठी आणि ओसरीसाठी मात्र मी पिवळसरच सुचवेन. मृगाच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पाखरांचे थवे जमतात, आणि हे किडे अतिनील व निळ्या प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. पिवळसर एलईडीत निळ्याचा वाटा कमी असल्याने दावणीवर आणि जेवणाच्या ताटात पडणारे किडेही कमी होतात.

या ९ एलईडींना लागणारे हीट सिंक विकतच आणले पाहिजे असे नाही. ३ मिलिमीटर जाडीची, १५ × २० सेंटिमीटरची अॅल्युमिनियमची सपाट पट्टी पुरते. हिशेब असा: मोकळ्या हवेत दर वॅटमागे सुमारे ६० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळावा. ९ वॅटला ५४० चौरस सेंटिमीटर लागतात आणि या पट्टीच्या दोन्ही बाजू मिळून ६०० होतात. दोन्ही बाजूंना हवा लागली तर पट्टी सभोवतालच्या हवेपेक्षा साधारण १५ अंश जास्त तापेल. म्हणजे ४४ अंशांच्या हवेत ती ६० च्या आसपास राहील आणि चिप ७० ते ७५ च्या जवळपास. हे चालण्यासारखे आहे. तीच पट्टी छताला चिकटवली की एक बाजू वाया जाते आणि सगळे गणित बिघडते.

ड्रायव्हर: येथे हयगय नको

बॅटरीचा दिवा बनवताना नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा की एलईडीला ३ व्होल्ट लागतात, तर ३ व्होल्टचा पुरवठा दिला की झाले. हे चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते नीट समजून घ्यावे. एलईडीवरचा दाब (व्होल्टेज) थोडासा वाढला तरी त्यातून जाणारा करंट फार झपाट्याने वाढतो. त्यात भर म्हणजे चिप तापली की तोच करंट वाहण्यासाठी तिला कमी दाब पुरतो. म्हणजे दाब कायम ठेवला तर चिप तापेल तसा करंट वाढेल, करंट वाढेल तशी चिप आणखी तापेल, आणि हे चक्र चिप जळाल्यावरच थांबेल. म्हणून एलईडीला ठरावीक व्होल्टेज न देता ठरावीक करंट द्यावा लागतो. हे काम ड्रायव्हर करतो.

आपल्या दिव्यात ९ एलईडी एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडायचे आहेत. प्रत्येकावर सुमारे ३.१ व्होल्ट धरले तर एकूण २८ व्होल्ट होतात. यासाठी ‘८-१२ × १ वॅट, ३०० मिलिअँपिअर’ असे छापलेला ड्रायव्हर घ्यावा. त्याचा अर्थ असा की या ड्रायव्हरवर ८ ते १२ एलईडी चालतात. ५ जोडले किंवा १५ जोडले तर दिवा लुकलुकतो, लागतच नाही किंवा ड्रायव्हर बिघडतो. दुकानात आयसोलेटेड ड्रायव्हरच मागावा. त्यात घरच्या २३० व्होल्टच्या लाइनचा आणि एलईडीच्या बाजूचा थेट संबंध नसतो. स्वस्त नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हरमध्ये तो असतो, आणि मग एलईडीच्या टोकांना हात लावणे म्हणजे फेजला हात लावणे होय. तयार बल्ब घ्यायचा असेल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आणि आयएस १६१०२ हे मानक छापलेले आहे का, ते पाहावे.

इनपुटची मर्यादा डब्यावर वाचल्याशिवाय ड्रायव्हर घेऊ नये. शेतातल्या लाइनवर मोटारी चालू असताना व्होल्टेज खाली बसते आणि रात्री मोटारी बंद झाल्या की तेच वर चढते. १०० ते ३०० व्होल्ट एवढी मोठी मर्यादा असलेला ड्रायव्हर हे चढउतार सोसतो. डीपीवर न्यूट्रल सुटला तर मात्र सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि तो साधा ड्रायव्हर सहन करू शकत नाही. त्यासाठी ड्रायव्हरच्या आधी एक फ्यूज घालावा आणि फ्यूजनंतर फेज-न्यूट्रलमध्ये ३२० व्होल्ट एसीचा एमओव्ही जोडावा. जास्त दाब आला की एमओव्ही शॉर्टसारखा वागतो, फ्यूज उडतो आणि ड्रायव्हर बहुधा वाचतो. २७५ व्होल्टचाही एमओव्ही मिळतो, पण ज्या गावात रात्री व्होल्टेज चढते तेथे तो विनाकारण तापून लवकर जातो. वळवाचे ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणे हा यापेक्षाही खात्रीचा उपाय आहे. जवळ पडलेल्या विजेपुढे एमओव्ही टिकत नाही.

ड्रायव्हर कोठे बसवायचा हेही ठरवावे लागते. त्यात एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो आणि ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. दिवा गेला असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा एलईडी धडधाकट असतात आणि हा कपॅसिटर फुगलेला असतो. म्हणून ड्रायव्हर पट्टीच्या पाठीवर चिकटवू नये. तो भिंतीवरच्या वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा आणि तेथून दोन तारा दिव्याकडे न्याव्यात.

जोडणी

प्रथम पट्टीवर पेन्सिलने तीन ओळी आणि तीन रकाने आखून ५ सेंटिमीटर अंतरावर ९ खुणा कराव्यात. सर्व एलईडी मध्यभागी गोळा केले तर मधला भाग तापतो आणि कडा थंड राहतात. पसरून लावले तर सगळी पट्टी सारखे काम करते. प्रत्येक पाटीसाठी समोरासमोर दोन छिद्रे पाडून त्यांच्या कडांवरची खरखर कानस आणि पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढावी, कारण छिद्राच्या तोंडाशी उरलेली कणभर धातूची धारही पाटीला पट्टीपासून उचलून धरते.

त्यानंतर थर्मल पेस्ट. पाटीच्या पाठीवर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ती इतकी पातळ पसरावी की खालचा धातू पुसटसा दिसत राहील. पेस्ट फक्त धातूमधल्या बारीक फटी भरण्यासाठी असते. जाड थर दिला तर तोच उष्णतेला आडवा येतो. पाटी खुणेवर ठेवून हलकेच डावी-उजवी फिरवावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, आणि मग ३ मिलिमीटरचे स्क्रू आवळावेत. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवाच. धातूचे डोके शेजारच्या सोल्डरच्या पट्ट्याला टेकले तर तो एलईडी पट्टीशी जोडला जातो.

सोल्डरिंगसाठी २५ वॅटचे आयर्न पुरणार नाही. अॅल्युमिनियमची पाटी उष्णता ओढून घेते, सोल्डर वितळल्यासारखे दिसते पण धरत नाही आणि नवशिका आयर्न तसेच दाबून ठेवतो. ६० वॅटचे आयर्न वापरावे. शक्य असेल तर पाट्या पट्टीवर बसवण्याआधीच लाकडी फळीवर ठेवून त्यांच्या अधिक-उणे पट्ट्यांवर सोल्डरचा थेंब देऊन ठेवावा. पुढचे काम फार सोपे होते. पहिल्या एलईडीच्या उण्याला दुसऱ्याचे अधिक, दुसऱ्याच्या उण्याला तिसऱ्याचे अधिक, असे करत जावे. शेवटी पहिल्याचे अधिक आणि नवव्याचे उणे अशी दोन टोके मोकळी उरतील. एकाही ठिकाणी उलटसुलट झाले तर पूर्ण दिवा लागणार नाही.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक पट्टीच्या धातूला आणि दुसरे प्रत्येक सोल्डरला लावावे. कोठेही बीप वाजता कामा नये. वाजला तर पुढे न जाता तो स्क्रू किंवा ती पाटी सोडवून दोष शोधावा. पट्टीला अर्थिंगची तारही जोडावी. गोठ्यातली ओल आणि लोखंडी खांब पाहता ती टाळू नये.

पहिल्यांदा लावताना

ड्रायव्हर चालू असताना एलईडीची तार जोडणे किंवा काढणे कटाक्षाने टाळावे. मोकळ्या ड्रायव्हरच्या टोकांवर दाब वर चढून बसलेला असतो, आणि त्या क्षणी एलईडी जोडला की साठलेला सगळा करंट एकदम त्यात शिरतो. एलईडी आधी जोडावेत आणि मगच बटण दाबावे. वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड असेल तर पहिल्यांदा त्यावरच लावावे. ड्रायव्हरमध्ये शॉर्ट असेल तर बोर्डावरचा बल्ब पूर्ण पेटेल आणि नुकसान तेवढ्यावर थांबेल.

दिवा लागला की सरळ त्याच्याकडे पाहू नये, मुलांनाही पाहू देऊ नये. एवढ्याशा ठिपक्यातून निघणारा तीव्र प्रकाश डोळ्याच्या पडद्याला अपायकारक ठरू शकतो. तपासणी करताना एलईडींवर पांढरा कागद धरावा. बटण बंद करून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून सिरीजमध्ये जोडावा आणि पुन्हा चालू करून करंट पाहावा. तो २७० ते ३१० मिलिअँपिअरच्या दरम्यान असावा. नंतर प्रत्येक एलईडीवरचा दाब मोजून वहीत लिहून ठेवावा. आठ जणांवर ३.१ आणि एकावर ३.६ दिसत असेल, तर तो एक इतरांपेक्षा जास्त वीज खाऊन जास्त तापतो आहे. तो आत्ताच बदलावा.

तासभर दिवा तसाच चालू द्यावा, कारण पट्टीचे तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो. मग बटण बंद करून, प्लग काढून, लगेच पट्टीच्या पाठीवर हाताचे बोट ठेवावे. पाच सेकंद ठेवता आले तर पट्टी ६० अंशांच्या आत आहे असे समजावे. चटका बसून बोट लगेच उचलावे लागले तर पट्टी मोठी करावी किंवा करंट कमी करावा. करंट कमी करण्याचा मार्ग मला अधिक पटतो. एलईडी कमी करंटवर अधिक कार्यक्षम असतो, त्यामुळे ३०० ऐवजी २०० मिलिअँपिअर दिले तरी प्रकाश एक तृतीयांशाने घटत नाही, त्याहून कमी घटतो, आणि उष्णता मात्र त्यापेक्षा जास्त प्रमाणात उतरते. हिंगोली-नांदेडच्या उन्हात वर्षानुवर्षे चालणारा दिवा हवा असेल तर १२ एलईडी २०० मिलिअँपिअरवर चालवणे हे ९ एलईडी ३०० वर चालवण्यापेक्षा केव्हाही चांगले. ड्रायव्हर घेताना त्यावर २०० मिलिअँपिअर आणि १२ एलईडीचा समावेश होईल अशी मर्यादा छापलेली असावी एवढेच पाहावे.

सौर बॅटरीवर चालवायचा असेल तर

आखाड्यावर लाइन नसेल किंवा ती वेळी-अवेळी जात असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर हाच दिवा चालतो, फक्त मांडणी बदलते. तीन-तीन एलईडींच्या तीन माळा कराव्यात. एका माळेला सुमारे ९.३ व्होल्ट लागतात.

अनेक जण येथे ड्रायव्हरऐवजी रेझिस्टर लावतात. १० ओहमचा रेझिस्टर लावला तर १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर ३५० मिलिअँपिअर मिळतात आणि सगळे ठीक वाटते. पण दुपारी पॅनेलवरून चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा त्याच रेझिस्टरमधून ५१० मिलिअँपिअर जातात. पहाटे बॅटरी ११.५ वर उतरली की २२० च उरतात. शिवाय रेझिस्टर स्वतः वीज खाऊन तापतो. त्यापेक्षा प्रत्येक माळेला ३०० मिलिअँपिअरचा, १२ व्होल्टवर चालणारा छोटा बक ड्रायव्हर (दाब उतरवून ठरावीक करंट देणारा) द्यावा. तीन ड्रायव्हरमुळे एक सोयही होते: तीन बटणे लावली तर रात्रभर एकच माळ जळत ठेवता येते आणि धारा काढायच्या वेळी तिन्ही लावता येतात.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, त्यामुळे ९ वॅटचा दिवा तीवर साधारण चार तास चालतो. एकच माळ लावली तर बारा तास. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज बसवावा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरे असले तरी शॉर्ट झालेल्या तारेने कडब्याच्या गंजीला आग लागायला एवढी बॅटरी पुरेशी आहे.

नंतरची देखभाल

सोयाबीनची मळणी झाली की शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर भुसाचा थर बसतो आणि दिव्याची पट्टीही त्यातून सुटत नाही. त्या थराने हवा अडते. मळणीनंतर एकदा आणि उन्हाळा लागण्याआधी एकदा, दिवा बंद करून कोरड्या ब्रशने दोन्ही बाजू झाडाव्यात. पावसाचे पाणी येऊ नये म्हणून कडा सिलिकॉनने बंद करायच्या असतील तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातून निघणारी आम्लाची वाफ एलईडीच्या आतला चांदीचा थर काळा करते. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी मागून घ्यावी.

पुढे कधी पूर्ण दिवाच बंद पडला तर सगळे टाकून देऊ नये. लाइन बंद करून, ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला ४७० ओहमचा रेझिस्टर लावून दोन तारांनी एकेका एलईडीला अधिकाला अधिक आणि उण्याला उणे असा स्पर्श करावा. चांगला एलईडी मंद उजळेल, गेलेला उजळणार नाही. सगळे उजळले तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे. गेलेल्या एलईडीची टोके तारेने जोडून दिवा चालू करण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत दिसते. तिने दिवा लागतो खरा, पण तो एलईडी ज्या कारणाने गेला ते कारण तसेच राहते. बहुतेक वेळा त्या पाटीखालची पेस्ट वाळून तडकलेली किंवा स्क्रू सैल झालेला आढळतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवी लावून, नवीन पाटी बसवावी. वेगवेगळ्या लॉटमधल्या एलईडींच्या छटा जुळत नाहीत, त्यामुळे खरेदीच्या वेळीच त्याच लॉटमधले दोन एलईडी जास्त घेऊन ड्रायव्हरच्या डबीत पुडीत बांधून ठेवावेत.